लेकराच्या छातीत नळी टाकायची म्हणतात? घाबरून घरी आणू नका, पण चार गोष्टी नक्की विचारा

नायगाव (प्रतिनिधी) : "न्यूमोनिया झालाय, छातीत पू साचलाय, नळी टाकावी लागेल." नांदेडच्या दवाखान्यात डॉक्टरांनी एवढं म्हणलं की गावाकडून गेलेल्या आई-बापाच्या हातापायातलं बळच जातं. मग फोन सुरू होतात. कुणी म्हणतं नळी टाकलेलं माणूस वाचत नाही, कुणी लातूरचं नाव सांगतं, कुणी हैदराबादला न्या म्हणतं. सहीचा कागद तसाच पडून राहतो. यात चार-सहा तास जातात, कधी अख्खी रात्र जाते. लेकराचा दम मात्र वाढतच असतो.

त्यात ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला विष्णुपुरीच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले, त्यात १२ नवजात बाळं होती. ती बातमी देशभर गेली. तो विषय वेगळा, पण तेव्हापासून मोठ्या दवाखान्याचं नाव काढलं तरी घाबरणारी माणसं प्रत्येक गावात आहेत. ती भीती चुकीची म्हणता येत नाही. मात्र छातीतल्या नळीबद्दलची भीती बरीचशी अर्धवट माहितीवर उभी आहे. पू किंवा हवा साचलेल्या छातीसाठी नळी हा जीव वाचवणारा, शंभर वर्षांहून जुना उपाय आहे. आणि हेही खरंच, की घाईनं, चुकीच्या जागी, न शिकलेल्या हातानं टाकली तर हीच नळी घात करते. म्हणून ती नीट कशी टाकतात, आणि टाकल्यावर घरच्यांनी काय सांभाळायचं, हे आधीच माहीत असलेलं बरं.

मोटरनं हवा धरली की जे होतं तेच

छातीचा पिंजरा आणि फुफ्फुस यांच्यामध्ये दोन पातळ पडदे असतात. त्यांच्या मधली जागा नावालाच, थोडा ओलावा असतो एवढंच. ती जागा हवाबंद असते आणि तिच्यात कायम ओढ असते. त्यामुळं छाती फुगली की फुफ्फुसही तिच्या मागं फुगतं. विहिरीवर मोटर चालवणाऱ्याला हे लगेच कळेल. सक्शन पाईपला बारीक चीर पडली की मोटर हवा धरते. मग ती फिरते, आवाज करते, पण पाणी उचलत नाही. पडद्यांच्या मधे हवा, पू, पाणी किंवा रक्त साचलं की लेकराचं असंच होतं. छाती जोरजोरात हलते, पण फुफ्फुस दबलेलं असतं, ते फुगत नाही.

लहान लेकरांत पू साचतो तो बहुतेक वेळा न्यूमोनियानंतर. अंगावर फोड-पुळ्या करणारा जंतूही फुफ्फुसात जाऊन पू करतो, तेव्हा लेकराला आठ-पंधरा दिवसांत मोठे फोड आले असतील तर ते डॉक्टरांना सांगावं. जरा मोठ्या मुलांत टीबीमुळं छातीत पाणी होतं. त्यात बऱ्याचदा सुईनं पाणी काढून तपासायला पाठवतात आणि टीबीची गोळी सुरू करतात, नळीची गरज पडतेच असं नाही. हवा साचते ती नवजात बाळात, फुफ्फुस फाटणाऱ्या न्यूमोनियात किंवा मार लागल्यावर. रक्ताचं कारण आपल्याकडं ठरलेलं आहे. बैलानं शिंग मारणं, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून पडणं, मोटारसायकलचा अपघात. लहान मुलांच्या बरगड्या लवचीक असतात. बरगडी मोडलेली नसली तरी आत मार असू शकतो, म्हणून "वरून काही दिसत नाही" म्हणून लेकरू घरी ठेवू नये.

एक प्रकार फार घाईचा आहे. हवा आत शिरत राहते आणि बाहेर निघत नाही, तेव्हा ती हृदयाला सुद्धा एका बाजूला ढकलते. लेकरू काही मिनिटांत निळं पडतं. अशा वेळी डॉक्टर एक्सरेची वाट बघत नाहीत, सुई टोचून हवा मोकळी करतात आणि मग नळी टाकतात. तिथं नातेवाइकांनी "आधी फोटो काढा" म्हणून अडून बसू नये.

नळीच्या आधी खात्री

घाई नसेल तेव्हा मात्र खात्री करायला वेळ असतो आणि तो घेतलाच पाहिजे. एक्सरेत छातीची एक बाजू पांढरी दिसली म्हणजे तिथं पू आहेच असं नाही. नुसता घट्ट झालेला न्यूमोनियाही तसाच पांढरा दिसतो. पाणी-पू आहे का, किती आहे, पातळ आहे की जाळ्या धरल्यात, हे सोनोग्राफीत कळतं. सोनोग्राफीत बघून खूण केलेल्या जागी, किंवा बघता बघताच नळी टाकणं हा आज पू-पाण्यासाठीचा सुरक्षित मार्ग मानला जातो. म्हणून पहिला प्रश्न हाच : "डॉक्टर, सोनोग्राफी झाली का? काय दिसलं?" हा प्रश्न विचारल्यावर चांगला डॉक्टर चिडत नाही.

लहान मुलांत फसवणाऱ्या गोष्टी आणखी आहेत. शेंगदाणा, हरभऱ्याचा दाणा, सीताफळाची बी श्वासनळीत अडकली की त्या बाजूचं फुफ्फुस हवेनं फुगून राहतं. एक्सरेत ते हवा साचल्यासारखं भासू शकतं. काही बाळांना जन्मतःच पोट आणि छातीमधल्या पडद्याला भोक असतं, आतडी वर छातीत आलेली असतात, आणि त्यातली हवाही फसवते. अशा ठिकाणी नळी गेली तर ती थेट फुफ्फुसात किंवा आतड्यात जाते. इथं घरच्यांचा एक शब्द मोलाचा ठरतो. लेकरू दाणे खात होतं, अचानक ठसका लागला, तेव्हापासून खोकला सुटला, असं काही झालं असेल तर ते आजीनं, ताईनं, ज्यानं बघितलं त्यानं डॉक्टरांना सांगायलाच पाहिजे. "रागावतील" म्हणून लपवू नये. रॉकेल पिलं असेल तर तेही सांगावं, कारण त्यानंही फुफ्फुस बिघडतं.

दुसरा प्रश्न : "कोणत्या बाजूला टाकणार?" हसू येईल, पण उजव्या-डाव्याची चूक जगभरातल्या दवाखान्यांत झालेली आहे. एक्सरे उलटा धरला की डावं उजवं होतं. त्यामुळं नळीच्या आधी बाजू पेनानं खूण करून ठेवतात.

तिसरा प्रश्न दुखण्याचा. नळी टाकताना जागा बधिर करतात आणि लहान लेकराला गुंगीचं औषध देतात. दम लागलेल्या लेकराला गुंगी देणं जोखमीचं असतं, म्हणून बोटाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावून, जवळ ऑक्सिजन ठेवून, एक माणूस फक्त श्वासावर लक्ष द्यायला उभा करून हे काम व्हावं. आणि याच कारणासाठी "उपाशी ठेवा" म्हणलं तर खरंच उपाशी ठेवावं. पदराआडून पारलेचं बिस्किट, झाकणभर चहा दिला जातो, हे प्रत्येक वॉर्डातल्या नर्सला माहीत आहे. गुंगीत उलटी झाली की ते अन्न फुफ्फुसात जातं.

काखेखालचा त्रिकोण

नळीची जागा ठरलेली आहे. पुढच्या बाजूला छातीचा मोठा स्नायू, मागच्या बाजूला पाठीचा रुंद स्नायू, वर काख आणि खाली साधारण स्तनाग्राच्या सरळ रेषेत जाणारी आडवी रेघ. यांच्यामध्ये जो तिकोनी भाग उरतो त्याला डॉक्टर सुरक्षित त्रिकोण म्हणतात. तिथं स्नायू पातळ आहेत, मोठ्या शिरा नाहीत. लेकराचा हात डोक्यावर घेतला की ती जागा मोकळी होते. जाळ्या धरलेला पू कोपऱ्यात असेल तर सोनोग्राफीत बघून जागा बदलतात, पण अंदाजानं नाही.

खाली का नको? उजवीकडं यकृत आणि डावीकडं प्लीहा हे दोन्ही अवयव बरगड्यांच्या आत बरेच वरपर्यंत असतात. बाहेरून बघणाऱ्याला ती जागा छातीची वाटते, आत मात्र पोट सुरू झालेलं असतं. दोन-तीन वर्षांच्या लेकराची छाती किती पातळ असते ते अंघोळ घालणाऱ्या आईला विचारा. कातडीपासून फुफ्फुस एक-दोन सेंटीमीटरवर. मोठ्या माणसावर चालणारा जोर इथं चालत नाही.

आणखी एक बारकावा. प्रत्येक बरगडीच्या खालच्या काठाला चिकटून धमनी, शीर आणि मज्जातंतू जातात. म्हणून नळी नेहमी खालच्या बरगडीच्या वरच्या काठावरून आत सरकवतात. वरच्या बरगडीला घासून गेली तर रक्तस्राव होतो.

पूर्वी टोकदार सळई आत असलेली नळी दाबून घुसवायची पद्धत होती. ती आता चुकीची मानतात, कारण जोर लावून आत गेलेलं टोक कुठं थांबेल याचा भरवसा नाही. आता एकतर बारीक चीर देऊन चिमट्यानं वाट मोकळी करतात, नाहीतर सुईतून बारीक तार घालून तिच्यावरून बारीक, टोकाला गोल वळलेली नळी सरकवतात. तिला पिगटेल म्हणतात. लेकरांना जाड नळीच हवी असं नाही. चार मिलिमीटर जाडीच्या बारीक नळीतूनही पू निघतो, दुखणं कमी असतं, लेकरू हालचाल करू शकतं. पू फार घट्ट असला तर नळीतून जाळ्या विरघळवणारं औषध सोडतात. तेवढ्यानंही भागलं नाही तर दुर्बिणीतून किंवा छाती उघडून सफाई करावी लागते, पण ती वेळ सगळ्यांवर येत नाही.

हे सगळं उगाच बारीक कातलेलं नाही. इंग्लंडच्या रुग्णसुरक्षा यंत्रणेनं २००८ साली डॉक्टरांना इशारा दिला होता. जानेवारी २००५ ते मार्च २००८ या काळात छातीतली नळी टाकताना १२ रुग्णांचा जीव गेला आणि १५ जणांना गंभीर इजा झाली, अशा नोंदी त्यांच्याकडं आल्या होत्या. कारणं तीच : अनुभव कमी, वरिष्ठ जवळ नाहीत, जागा चुकली, नळी जास्त आत गेली. इतक्या सोयी असलेल्या देशात असं होतं. तेव्हा चौथा प्रश्न विचारायला लाजू नये : "लहान मुलांना नळी टाकायची सवय असलेले डॉक्टर आहेत का? नवीन डॉक्टर टाकत असतील तर मोठे डॉक्टर सोबत राहतील का?"

बाटली : इथून पुढं घरच्यांचं काम

नळी टाकून झाली की डॉक्टर पुढच्या पेशंटकडं जातात. बाटलीजवळ बसून राहते ती आई, नाहीतर आजी. म्हणून बाटली कशी चालते हे तिला कळलंच पाहिजे.

नळीचं बाहेरचं टोक बाटलीतल्या पाण्यात साधारण दोन सेंटीमीटर बुडालेलं असतं. ग्लासातल्या पाण्यात स्ट्रॉ घालून फुंकलं की बुडबुडे बाहेर येतात, पण बाहेरची हवा उलटी आत येत नाही, मधे पाणी आडवं येतं. विहिरीतल्या फूटव्हॉल्व्हचंच काम ते पाणी करतं. हवा, पू बाहेर जाणार, परत आत येणार नाही.

ही साधी युक्ती किती मोठी आहे ते पहिल्या महायुद्धात कळलं. १९१८ मध्ये अमेरिकेच्या लष्करी छावण्यांत न्यूमोनियाची साथ होती आणि जवानांच्या छातीत पू होत होता. डॉक्टर लगेच छाती उघडून पू काढायचे. बाहेरची हवा आत शिरायची, फुफ्फुस बसायचं, आणि शंभरातले तीसच्या आसपास जवान मरायचे. एव्हार्ट्स ग्रॅहम हे डॉक्टर असलेल्या समितीनं सांगितलं, छाती घाईनं उघडी करू नका, हवा आत जाऊ न देता पू काढा. तसं केल्यावर मृत्यू शंभरात पाचाच्या आत आले.

तेव्हा बाटली कायम लेकराच्या छातीच्या बरीच खाली, पलंगाखाली फरशीवर, आडवी होणार नाही अशी ठेवायची. झाडलोट करताना उचलून पलंगावर ठेवली की बाटलीतलं घाण पाणी उलटं छातीत जाऊ शकतं. संडासला नेताना बाटली हातात घ्यायची ती गुडघ्याच्या खाली धरून. आडवी झाली तर लगेच सरळ करून नर्सला हाक मारायची. बाटलीतलं पाणी घरच्यांनी ओतायचं नाही, बदलायचं नाही. किती साचलं याची खूण नर्स पट्टीवर करते, त्यावर पुढचं औषध ठरतं.

लेकरू श्वास घेतं तसं नळीतलं पाणी वर-खाली हलतं. ते हललं पाहिजे. एकदम थांबलं तर नळी अंगाखाली दबलीय का, वळलीय का ते बघायचं आणि सांगायचं. फुफ्फुस पूर्ण फुगल्यावरही हलणं थांबतं, पण तो निर्णय डॉक्टरांचा. बुडबुडे येत असतील तर हवा बाहेर पडतेय असा अर्थ. बुडबुडे येणारी नळी चिमटा लावून बंद करायची नसते, बंद केली तर हवा आत कोंडते. इथं बऱ्याचदा घोळ होतो. एक्सरेला नेताना कुणीतरी "सांडेल" म्हणून नळीला गाठ मारतं.

पू असेल तेव्हा मात्र डॉक्टर स्वतः काही वेळ नळी बंद ठेवतात, त्यात घाबरायचं काही नाही. सगळं एकदम निघालं तर दबलेलं फुफ्फुस झटक्यात फुगतं आणि त्यात पाणी होऊ शकतं. लेकराच्या किलोमागं दहा मिली काढून तासभर थांबायचं, असा हिशोब धरतात. बारा किलोचं लेकरू असलं तर पहिल्यांदा साधारण १२० मिली, चहाच्या एका कपाएवढं.

नळी चुकून निघालीच तर शोधत बसायचं नाही. भोकावर स्वच्छ गॉज, नसेल तर धुतलेला रुमाल हातानं दाबून धरायचा आणि जोरात हाक मारायची. नळी छातीत आहे पण बाटलीपासून सुटली, तर छातीजवळ बोटांत दाबून धरायची आणि नर्स येऊन जोडेपर्यंतच दाबायची.

नायगावहून नांदेडला नेताना

बरबडा, कुंटूर, मांजरम, घुंगराळ्याचं लेकरू आधी गावातल्या डॉक्टरकडं, मग नायगाव किंवा नरसीला, मग नांदेडला असं जातं. नायगावहून नांदेड पन्नासेक किलोमीटर. खासगी जीपनं मांडीवर घेऊन नेण्यापेक्षा १०८ ला फोन करावा. त्या गाडीत ऑक्सिजन आणि डॉक्टर असतात, आणि पैसे लागत नाहीत. नळी टाकलेल्या लेकराला एका दवाखान्यातून दुसऱ्यात न्यायचं असेल तर बाटली सीटवर नाही, खाली पायाजवळ, कुणीतरी हातानं धरून. निघण्याआधी नळी अंगाला पट्टीनं नीट चिकटवलीय का ते बघून घ्यावं. राशनकार्ड आणि आधार सोबत असू द्यावं. महात्मा फुले योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो, हा इलाज योजनेत बसतो का ते पैसे भरायच्या आधी त्यालाच विचारावं.

खरा उशीर मात्र रस्त्यात नाही, घरात होतो. साधा खोकला म्हणून चार दिवस, बिब्ब्याचा चटका देऊन दोन दिवस. चटक्यानं न्यूमोनिया उतरत नाही, कातडीची जखम तेवढी वाढते. लेकरू शांत झोपलेलं असताना पोट किती वेळा वर येतं ते मोबाईलवर पूर्ण एक मिनिट लावून मोजावं. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त, म्हणजे दवाखाना. बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, कण्हत असेल, पीत नसेल, तर मोजत बसायचंही काम नाही. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या आरोग्यसेवकांना आणि दाईंना हेच शिकवलं होतं. ज्या दाईंना आकडे येत नव्हते त्यांच्यासाठी वाळूचं घड्याळ आणि मणी लावलेलं श्वास मोजायचं साधन केलं, दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वेळेत ओळखून गावातच औषध दिल्यामुळं त्या गावांत न्यूमोनियानं होणारे बालमृत्यू शेजारच्या गावांच्या तुलनेत निम्म्याहून कमी राहिले. १९९० साली 'लॅन्सेट' या साप्ताहिकात ते छापून आलं. न्यूमोनियाची पीसीव्ही लस आता सरकारी दवाखान्यात फुकट आहे. दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने अशा तीन वेळा. आशाताईकडचं कार्ड काढून बघावं.

नळी निघाल्यावर

पू थांबला, बुडबुडे थांबले, एक्सरेत फुफ्फुस फुगलेलं दिसलं की नळी काढतात. काम दोन मिनिटांचं असतं. ताप मात्र पू निघाल्यावरही काही दिवस येत राहू शकतो. "नळी टाकूनही ताप जाईना" म्हणून दवाखाना बदलायची घाई करू नये, डॉक्टरांना कारण विचारावं. नळी असताना आणि नंतरही दुखण्याचं औषध वेळेवर मागून घ्यावं. दुखलं की लेकरू खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, आणि मग फुफ्फुस उघडायला वेळ लागतो. त्याला उठवून बसवावं, चालवावं, खेळवावं. छातीला तेल लावून रगडू नये.

घरी आल्यावर गोळ्या एक ते चार आठवडे चालतात. लेकरू खेळायला लागलं म्हणून मधेच बंद करू नयेत. मोठ्यांच्या मानानं लहान मुलांचं फुफ्फुस फार चांगलं भरून येतं. सहा महिन्यांत दहातल्या नऊ लेकरांचा एक्सरे पहिल्यासारखा होतो, पुढं धावण्या-पोहण्याला अडचण राहत नाही. त्यासाठी सुट्टी झाल्यावर चार ते सहा आठवड्यांनी परत दाखवायचं असतं, तारीख सुट्टीच्या कागदावर लिहिलेली असते. सोयाबीनची काढणी असो की कापूस वेचणी, तेवढा एक दिवस काढावा लागतो. जाताना जुन्या एक्सरेची फिल्म सोबत न्यावी. मोबाईलमध्ये काढलेला तिचा फोटो डॉक्टरांना पुरत नाही.